‘आयटीआय करा, ओटावात ठेकेदार व्हा’ : त्या मेसेजला उत्तर

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदाही फिरतोय. मजकूर साधारण असा: विदर्भातल्या इलेक्ट्रिशियन-वायरमन पोरांनो, कॅनडातल्या ओटावा शहरात लायसन्सवाले इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर व्हा. इथला परवाना तिथे चालतो, परीक्षा नाही. पहिल्याच वर्षी स्वतःची फर्म. काम तेच, करंट तोच. बर्फाचे पाच महिने काम बंद, तेव्हा सरकार घरबसल्या पैसे देतं. फक्त चार लाख भरा.

मी विद्युत ठेकेदार आहे. माझ्याकडे काम शिकलेला एक पोरगा आज ओटावात इलेक्ट्रिशियन आहे, त्यामुळे तिकडचंही बरंच कानावर असतं. परवा एका पोराच्या वडिलांनी विचारलं, “भाऊ, भरू का पैसे?” म्हणून हे लिहितोय.

इथला परवाना तिथे चालतो, हे साफ खोटं. ओटावा हे ऑन्टारिओ प्रांतातलं शहर. तिथे इलेक्ट्रिशियनचं काम करायला प्रांताचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर नोंदणी केलेला अप्रेंटिस म्हणून राहावं लागतं. घरगुती आणि व्यापारी वायरिंगच्या या प्रमाणपत्राला तिकडे ‘309ए’ म्हणतात. त्यासाठीची अप्रेंटिसशिप साधारण 9000 तासांची, म्हणजे वर्गातले दिवस धरून पाचेक वर्षांची. बाहेरच्या देशात काम केलेल्याला सवलत आहे, नाही असं नाही. ‘स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारिओ’ ही संस्था त्याचा अनुभव तपासते, आणि पटला तर परीक्षेला बसू देते. परीक्षा मात्र चुकत नाही. पास व्हायला 70 टक्के लागतात.

आपल्या पोरांची खरी अडचण या परीक्षेच्याही आधी येते. अनुभव कागदावर दाखवायचा असतो: किती तास, कोणतं काम, कोणाकडे. आपल्याकडचा पोरगा दहा वर्षं काम करतो, पण रोजंदारीवर आणि रोखीत. ना हजेरीपट, ना पगाराची पावती, ना पीएफ. गावोगावचे झिरो वायरमन तर विचारूच नका. डीपीवर चढून फ्यूज टाकायचा, तुटलेली तार ओढायची, जीव यांचाच धोक्यात, आणि सरकारदरबारी त्यांचं नावही नाही. असा पोरगा तिथल्या अधिकाऱ्याला काय दाखवणार? ज्याला खरंच जायचं आहे त्याने आजपासून ठेकेदाराकडून कामाचा तपशील लिहिलेलं पत्र, बँकेत जमा होणारा पगार आणि पीएफ नंबर मागावा. ठेकेदार कुरकुरतील. आम्ही कुरकुरतोच.

‘पहिल्या वर्षी फर्म’ हे वाचून मी मोठ्याने हसलो. तिथे इलेक्ट्रिशियन असणं वेगळं आणि ठेकेदार असणं वेगळं. ठेकेदारीचा परवाना हवा तर फर्ममध्ये ‘मास्टर इलेक्ट्रिशियन’ पाहिजे. प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन वर्षं काम करून आणखी एक परीक्षा दिली की माणूस मास्टर होतो. वर 20 लाख डॉलरचा दायित्व विमा, म्हणजे कामातून कुणाचं नुकसान झालं तर भरपाईसाठीचा. शिवाय जवळपास प्रत्येक कामाची सूचना प्रांताच्या विद्युत सुरक्षा प्राधिकरणाला द्यावी लागते, फार तर काम सुरू झाल्यापासून 48 तासांत. आपल्याकडे नव्या मीटरच्या टेस्ट रिपोर्टवर घर न पाहताच सही ठोकणारे परवानाधारक मी पाहिले आहेत. त्यांना हा हिशेब पटकन कळणार नाही.

आता काम तेच, करंट तोच. राजेहो, हे वाक्य माणूस मारू शकतं. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे न्यूट्रल. पोराच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं असतं. कॅनडात काळी वायर म्हणजे फेज. न्यूट्रल पांढरा, आणि अर्थिंगची तांब्याची तार बहुधा उघडीच. सवयीने काळीला हात लावला की संपलं. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. तिथे घरात येणाऱ्या दोन फेजमध्ये 240, एका फेज आणि न्यूट्रलमध्ये 120, आणि 60 हर्ट्झ. भिंतीला झिरी मारून पाइप गाडायचा प्रकार घरांत जवळपास नाहीच. भिंती लाकडी चौकटीच्या. लाकडाला भोकं पाडून केबल ओढायची. त्यातून बाहेरच्या भिंतीतला साधा प्लगचा डबा बसवणंसुद्धा नवं शिकावं लागतं. घरातली गरम, दमट हवा त्या डब्याच्या फटीतून भिंतीत शिरली तर आत थंडीने तिचं पाणी होतं, लाकूड कुजतं. म्हणून डब्याभोवती प्लास्टिकचं आवरण बसवून ते भिंतीतल्या प्लास्टिकच्या पडद्याला हवाबंद जोडतात. बाहेरून घरात येणाऱ्या पाइपचं तोंडही असंच बुजवतात, नाहीतर पाइपात पाणी साचून थेट मेन पॅनलमध्ये ठिबकतं. आपण पाणी आत येऊ नये म्हणून पावसाळ्यात धडपडतो; तिथे ते पाणी घरातल्याच हवेतून तयार होतं.

थंडीत काम बंद, ही तर उलटी गंगा. ओटावात जानेवारीच्या रात्री पारा सरासरी उणे 14 च्या आसपास असतो, कधी उणे 30 ला टेकतो. आपल्याकडे गोंदियात 8 झाला की पेपरात बातमी येते. तिथे याच दिवसांत घराची गरम हवेची भट्टी बंद पडली तर माणसं थांबू शकत नाहीत, भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. फोन इलेक्ट्रिशियनलाही जातो. नव्या इमारतींचं आतलं काम हीटर लावून चालूच असतं. बाहेरच्या कामाला वायरही त्या थंडीची लागते. साधं प्लास्टिक वेष्टन वाकवलं की तडकतं, म्हणून वेष्टनावर उणे 40 असा आकडा छापलेली वायर मिळते. जाड हातमोज्यांत बारीक स्क्रू धरता येत नाही आणि हातमोजा काढला तर बोटं बधिर होतात, हे त्या पोराकडून ऐकलेलं. वादळानंतर तर विचारायलाच नको. 21 मे 2022 च्या वादळाने ओटावात खांब आडवे केले. तिथे घरावरचा तार घेणारा उभा पाइप मालकाचा असतो. तो मोडला की परवानाधारक ठेकेदाराने दुरुस्त करून तपासणी झाल्याशिवाय वीज कंपनी लाइन जोडत नाही.

घरबसल्या पैशांचं म्हणाल तर बेरोजगारी विमा आहे. पण आधी ठरावीक तास नोकरी केलेली लागते, आणि मिळतात ते पगाराच्या 55 टक्के, तेही मर्यादेपर्यंतच. स्वतःची फर्म असलेल्या ठेकेदाराला काम नाही म्हणून तो मिळत नाही. म्हणजे फर्मही देतो आणि घरबसल्या पैसेही देतो, ही मेसेजची दोन आश्वासनं एकमेकांनाच खोडतात.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच की तिथे इलेक्ट्रिशियन हवे आहेत. 2023 पासून एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे कॅनडात कायम राहायला येणाऱ्या कुशल लोकांच्या निवडीच्या पद्धतीत, कुशल कारागिरांसाठी वेगळी निवड सुरू झाली, त्यात इलेक्ट्रिशियनही आहेत. पण त्यासाठी इंग्रजीची (किंवा फ्रेंचची) परीक्षा द्यावी लागते, बोलण्याची सुद्धा. मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

राहता राहिले चार लाख. परदेशी कामगाराकडून भरतीची फी घेणं ऑन्टारिओच्या कायद्याने बंद आहे. आपल्याकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली भरती एजंटाला नोंदणी लागते, आणि त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतो. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे. मेसेजखालच्या नंबरवाल्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो यादीत सापडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.