स्टार्ट_कर्नल() च्या आधीही कर्नलच धावत असतं

लिनक्स कसं बूट होतं हे सांगणाऱ्या आकृत्यांत ठरलेले चार चौकोन असतात: फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम, जुना बायोस किंवा नवा युईएफआय), ग्रब (कर्नल मेमरीत आणणारा बूटलोडर), स्टार्ट_कर्नल() (कर्नलमधलं एक सी फंक्शन), इनिट (कर्नल सुरू करतं तो पहिला प्रोग्राम). सोबत तीन विधानं फिरतात. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्टार्ट_कर्नल() पासून सुरू होतं, त्याआधीचं सगळं बूटलोडर करतो, आणि डीमेसेजची (कर्नलच्या नोंदवहीची) पहिली ओळ ही कर्नलची पहिली हालचाल. एक्स८६-६४ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिटांच्या सीपीयूंवर, यांतलं एकही खरं नाही. अशी आकृती डोक्यात ठेवून बूटमधला बिघाड शोधणारा माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो, म्हणून हे लिहितोय.

पहिलं विधान. बूटलोडर मेमरीत आणतो ती बीझेडइमेज, म्हणजे दाबून बांधलेलं कर्नल आणि ते उलगडणारा छोटा प्रोग्राम. हा प्रोग्राम कर्नलच्याच सोर्समध्ये, आर्च/एक्स८६/बूट/कॉम्प्रेस्ड या फोल्डरात आहे. त्यातलं स्टार्टअप_३२ पहिल्या ४ जीबीसाठी पेज टेबलं (व्हर्च्युअल पत्ते फिजिकल पत्त्यांना जोडणारे तक्ते) बांधतं, पीएई आणि लाँग मोड (६४ बिटांत जायला लागणाऱ्या सीपीयूच्या सोयी) चालू करतं, मग पेजिंग, आणि सीपीयू ६४ बिटांत जातो. त्यानंतर एक्स्ट्रॅक्ट_कर्नल() खरं कर्नल उलगडतं. केएएसएलआर (कर्नलचा पत्ता दर बूटला बदलणारी सुरक्षेची सोय) चालू असेल तर ते कुठे ठेवायचं तो यादृच्छिक पत्ताही इथेच ठरतो. उलगडलेल्या कर्नलचं स्वतःचं स्टार्टअप_६४ त्या पत्त्याप्रमाणे पेज टेबलं दुरुस्त करतं आणि एक्स८६_६४_स्टार्ट_कर्नल() बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलांची जागा) शून्य करतं. सीमध्ये ग्लोबल व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतो असं आपण धरून चालतो, ती हमी कर्नलला इथे स्वतःच्या हातानं द्यावी लागते. एवढं झाल्यावर स्टार्ट_कर्नल().

दुसरं विधान. आर्च/एक्स८६/बूट/मेन.सी मध्ये , म्हणजे कर्नलच्याच सोर्समध्ये, चक्क मेन() नावाचं फंक्शन आहे. ते १६ बिटांत चालतं, बायोसकडून ई८२० मेमरी नकाशा (कुठली मेमरी वापरता येते त्याची यादी) मागून घेतं आणि शेवटी ३२ बिटांच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये उडी मारतं. बायोस मशीनवर ग्रब २ ची ‘लिनक्स’ कमांड मात्र हा टप्पा टाळून थेट ३२ बिटांच्या दारातून शिरते, ‘लिनक्स१६’ त्यातून जाते. युईएफआयवर तर २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ईएफआय स्टबमुळे (बीझेडइमेजला ईएफआय प्रोग्रामचं रूप देणारा कर्नलमधलाच तुकडा) फर्मवेअर बीझेडइमेज थेट चालवू शकतं, म्हणजे बूटलोडर नसला तरी चालतं.

तिसरं विधान लवकर निकालात निघतं. ‘लिनक्स व्हर्जन’ ही ओळ स्टार्ट_कर्नल() च्याच आत, काही फंक्शनं होऊन गेल्यावर छापली जाते. शेजारच्या ०.००००००चा अर्थ एवढाच की घड्याळ अजून तयार नाही.

कर्नल स्टार्ट_कर्नल() पासून सुरू होतं हा समज टिकतो तो डीबगरमुळे, असं माझं ठाम मत आहे. व्हीएमलिनक्स (न दाबलेलं कर्नल) ही फाइल जीडीबी या डीबगरला दिली की स्टार्ट_कर्नल सापडतं, पण उलगडणाऱ्या प्रोग्रामची सिम्बल्स (फंक्शनांची नावं आणि पत्ते) त्या फाइलीत नसतातच. ती कॉम्प्रेस्ड फोल्डरातल्या वेगळ्या व्हीएमलिनक्समध्ये असतात. हा टप्पा स्वतः पाहायचा तर क्यूईएमयू हा एम्युलेटर ‘-एस’च्या दोन्ही पर्यायांनी, लहान (जीडीबीला जोडू देणारा) आणि मोठ्या (सीपीयू सुरुवातीलाच थांबवणारा) एसनं, सुरू करा आणि कर्नलला ‘नोकेएएसएलआर’ द्या. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) हार्डवेअरचा, म्हणजे ‘एचब्रेक’ने लावा, कारण केव्हीएमखाली (क्यूईएमयूला खरा सीपीयू थेट वापरू देणारी सोय) साधा ब्रेकपॉइंट मेमरीतच लिहिला जातो आणि उलगडताना पुसला जातो. स्टार्टअप_६४ नावानं पकडू नका. तेव्हा कोड वरच्या व्हर्च्युअल पत्त्यावर नव्हे, खालच्या फिजिकल पत्त्यावर चालत असतो, नेहमीच्या कॉन्फिगमध्ये १६ एमबीवर. ब्रेकपॉइंट तिथेच लावा.