कायदा कशाला मोडता?

नुकतेच सत्तेवर आला असाल तर अभिनंदन. एकच विनंती, कायदा मोडू नका. ते काम पाकीटमारांचं. तुमच्याकडे बहुमत आहे, राजपत्र आहे, छापखानाही सरकारीच. मनात जे असेल ते आधी कायद्यात बसवून घ्या आणि मग छाती पुढे काढून सांगा, 'आमच्याकडे सगळं नियमानुसार चालतं.'

निवडणूक कोर्टात अडकली आहे? मग १९७५चा ऑगस्ट अभ्यासा. पंतप्रधानांच्या निवडणुकीची सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ११ तारखेला होती. ७ला लोकसभा, ८ला राज्यसभा, ९ला राज्यांच्या विधानसभा, १०ला राष्ट्रपतींची सही, की झाली ३९वी घटनादुरुस्ती! ही निवडणूक आता न्यायालयाच्या कक्षेबाहेर. (आपला सातबारा एवढ्या लवकर मिळाला तर कळवा.) नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यातलं मुख्य कलम रद्द केलं, तरी निवडणूक वैधच ठरली. कारण निवडणूक कायदाही तेवढ्यात पूर्वलक्षी प्रभावाने बदलून झाला होता. म्हणून दुरुस्ती नेहमी दोन ठिकाणी करून ठेवावी.

न्यायाधीश आडवा आला तर त्याला हटवू नका, उगाच बोभाटा होतो. आणीबाणीतही माणसाला कायद्याच्या आधाराविना डांबता येणार नाही, असं एप्रिल १९७६मध्ये पाचांपैकी एकट्या न्या. एच. आर. खन्नांनी म्हटलं. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांच्या कनिष्ठांना दिलं गेलं आणि खन्नांनी स्वतःच राजीनामा दिला. ज्येष्ठतेचा संकेत राज्यघटनेत लिहिलेलाच नाही, मग मोडलं काय?

विधिमंडळात चर्चेचा कंटाळा येत असेल तर वटहुकूम काढा. अधिवेशन सुरू झालं की सहा आठवड्यांत तो संपतो, अशी घटनेत एक कटकट आहे. संपला की तोच पुन्हा काढा. १९६७ ते १९८१ या काळात बिहारने २५६ वटहुकूम असे जगवले, काही तर १४ वर्षांपर्यंत.

फक्त प्राध्यापकांवर नजर ठेवा. पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करायला गेले आणि वटहुकूम मोजत बसले. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला घटनेची फसवणूक म्हटलं आणि खर्चापोटी वाधवांना १०,००० रुपये द्यायला बिहार सरकारला सांगितलं. भागाकार करून पाहा, वटहुकुमामागे ४० रुपयेही पडत नाहीत. परवडतं.