रुग्णालयाची वीट आणि रुग्णालयातला माणूस, दोन्ही एकाच दिवशी मंजूर करा

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यातले साधारण ७,३८० कोटी आरोग्यासाठी, म्हणजे दहा रुपयांतला एक. केईएम रुग्णालय १९२६ पासून, नायर रुग्णालय १९४६ पासून चालवणारी ही महापालिका आहे. सायन आणि कूपरसुद्धा तिचीच. तरीही गर्दीच्या दिवसांत मोठ्या रुग्णालयांत खाटा संपतात आणि रुग्णांना जमिनीवर गाद्या घालून झोपवावं लागतं. पैसा नाही म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. पैशाचं नियोजन चुकीच्या टोकापासून होतं.

आपल्याकडे रुग्णालय म्हणजे इमारत. भांडवली खर्चातून निविदा निघते, भूमिपूजन होतं, मजले चढतात. परिचारिका, तंत्रज्ञ, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांचे पगार, औषधं, ऑक्सिजन, वीजबिल, यंत्रांची देखभाल हा सगळा महसुली खर्च. तो दरवर्षी लागतो आणि काही वर्षांतच बांधकामाच्या खर्चाच्या पुढे जातो. त्याची फाईल मात्र वेगळी आणि मागून चालते. पदनिर्मितीचा प्रस्ताव, मग मंजुरी, मग जाहिरात, मग भरती. तोवर रंग देऊन झालेले मजले कुलूपबंद राहतात, नाहीतर कंत्राटी माणसांवर ढकलले जातात.

माझ्या सासूबाईंना उपनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात सोनोग्राफीसाठी लांबची तारीख मिळाली. यंत्र खोलीत होतं, ते चालवणारं कुणी नव्हतं. शेवटी बाहेर पैसे भरून करून घेतली. आम्हाला जमलं. त्याच रांगेतल्या कितीतरी बायकांना जमलं नसेल. सरकारी तिजोरीत वाचलेला पगार असा रुग्णाच्या पदरातून वसूल होतो, आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

दुसरा मुद्दा पुनर्बांधणीचा. जुनी इमारत पाडायलाच हवी, हे मान्य. पण उपनगरातलं एक रुग्णालय बंद झालं की तिथली बाळंतपणं, अपघात, तापाचे रुग्ण थेट सायन-केईएमकडे वळतात. काम रेंगाळलं तर वाढीव खर्चाचा प्रस्ताव तेवढा वेळेवर येतो. म्हणून एक भाग चालू ठेवून दुसरा पाडायचा, असा टप्प्याटप्प्याचा आराखडा पहिल्या दिवशीच हवा. असं बांधणं महाग पडतं, हे खरं. ते महाग पडलं तरी चालेल.

आणि माणसं परवडत नाहीत म्हणून तयार इमारत खासगी भागीदाराकडे द्यायची, हा मार्ग मला अजिबात पटत नाही. गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयाबाबत असा प्रस्ताव आला तेव्हा तिथले लोक विरोधात उभे राहिले. देवनार डम्पिंगच्या शेजारी राहणारी, क्षयरोगाशी झगडणारी ती वस्ती आहे. तिथे काही खाटा मोफत आणि बाकीच्या दर लावून, ही वाटणी कुणी आणि कशी करायची?

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक होते. आता नगरसेवक आहेत. तुमच्या प्रभागात रुग्णालयाचा प्रस्ताव आला की त्यांना भेटा आणि तीन गोष्टी लेखी मागा: किती पदं मंजूर झाली, पहिल्या पाच वर्षांच्या पगार-औषधांची तरतूद अर्थसंकल्पातल्या कुठल्या लेखाशीर्षात आहे, आणि बांधकाम चालू असताना रुग्णांनी कुठे जायचं.