प्रगत माणूस

संकेतस्थळ उघडताना ब्राउझरच्या पडद्यावर लाल त्रिकोण उगवला, त्यात उद्गारचिन्ह दिसले आणि त्याखाली ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशी अक्षरे उमटली, की माझा उजवा हात मला न विचारता कामाला लागतो. समोर दोन वाटा असतात. ठळक निळ्या बटणावर ‘सुरक्षिततेकडे परत जा’ असे लिहिलेले असते, आणि बाजूला, काहीशा ओशाळवाण्या अक्षरांत, ‘प्रगत’ एवढाच शब्द असतो. मी आजवर एकदाही सुरक्षिततेकडे परत गेलेलो नाही. एक तर मी नुकताच तिथून निघालेलो असतो, आणि दुसरे म्हणजे मला प्रगत समजणारी ही माझ्या आयुष्यातील एकमेव जागा आहे. त्या शब्दावर टिचकी मारली की एक परिच्छेद उलगडतो, जो मी वाचत नाही, आणि त्याच्या तळाशी ‘पुढे जा’ असा दुवा असून त्याला कंसात ‘असुरक्षित’ अशी पुस्ती जोडलेली असते. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने ‘जा, पण मला विचारून गेलास असे कुणाला सांगू नकोस’ म्हणावे, तसा तिचा सूर असतो.

वास्तविक ब्राउझर जे सांगतो ते क्षुल्लक नसते. संकेतस्थळाने ओळख पटवण्यासाठी पुढे केलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, किंवा त्यावरचे नाव भलतेच असते, किंवा ते कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून न घेता त्या संकेतस्थळाने स्वतःच स्वतःला बहाल केलेले असते. क्वचित वाटेत कोणीतरी खरोखरच कान लावून बसलेला असतो. अडचण एवढीच, की विसरभोळा आणि दरोडेखोर या दोघांसाठीही त्रिकोण तोच. माझ्या राउटरचे सेटिंग बदलायला गेलो तरी तोच त्रिकोण येतो. ते यंत्र टेबलावर हाताच्या अंतरावर असते, मीच लावलेल्या वायरीने माझ्याच संगणकाला बांधलेले असते, आणि ब्राउझर मला बजावतो की हल्लेखोर तुमचे पासवर्ड चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतात. त्या वेळी खोलीत माझ्याखेरीज कोणीही नसते.

असा मी एकटा नाही. २०१३ साली संशोधकांनी क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांतील अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचे पुढे काय झाले याची मोजदाद केली, तेव्हा क्रोममध्ये प्रमाणपत्राविषयीचे सुमारे ७० टक्के इशारे लोकांनी ओलांडले होते, तर फायरफॉक्समध्ये ३३ टक्के. इतके भाईबंद आहेत हे कळल्यावर माझा ऊर भरून आला. क्रोममध्ये तर एक चोरवाटही आहे: इशाऱ्याच्या पानावर, कोणतीही चौकट दिसत नसताना, नुसताच एक सांकेतिक शब्द टंकायचा आणि दार उघडते. हा शब्द पूर्वी ‘बॅडआयडिया’ असा होता. तो फार लोकांच्या तोंडी झाल्यामुळे २०१८ मध्ये तो बदलून ‘धिसइजअनसेफ’ असा करण्यात आला. गुन्ह्याच्या आधीच कबुलीजबाब लिहून घेणारे दुसरे कुलूप माझ्या पाहण्यात नाही.

ही सारी तपश्चर्या एका रविवारी फळाला आली. संगणक काही आठवडे मुख्य स्विचसकट बंद होता. तो सुरू करून मेल उघडायला गेलो, तर इशारा. सवयीने ‘प्रगत’ दाबले. परिच्छेद उलगडला, पण तळाशी ‘पुढे जा’ नव्हते! बातम्यांचे पान उघडले, तेच. बँकेचे उघडले, तेच. रागाच्या भरात तो सांकेतिक शब्दही टंकला, पण त्याचे स्पेलिंग चुकले असावे. जगातील झाडून सगळ्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रे एकाच रात्री बिघडली आहेत, या निष्कर्षाप्रत मी आलो. मोबाइलवर मात्र तीच संकेतस्थळे सुरळीत चालू होती; त्यावरून मोबाइल फारच गाफील आहे, असे मी ठरवले. मग राउटर बंद करून चालू केला, अँटीव्हायरस काढून टाकला, पुन्हा टाकला, आणि दोन तासांनी शरण जाऊन संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या भाचीला फोन लावला.

“मामा, पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाच बघू.”

“नेहमीचंच आहे गं.”

“वाच तरी.”

मी चष्मा लावून वाचले. ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’

खाली ठळक निळे बटण होते आणि त्यावर तारीख व वेळ दुरुस्त करण्याविषयी लिहिलेले होते. निळे बटण म्हणजे सुरक्षिततेकडे परत जाणे, अशा समजुतीने मी दोन तास त्याला हातही लावला नव्हता.

झाले होते ते असे. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढी, २०३२ क्रमांकाची एक बॅटरी असते आणि संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली आणि माझा संगणक १ जानेवारी २०१५ ला जाऊन बसला. प्रत्येक प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि ती मुळात तुटपुंजीच असते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ती कमाल ३९८ दिवसांवर आली, आणि ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. तेव्हा २०१५ सालात बसून पाहणाऱ्या माझ्या ब्राउझरच्या दृष्टीने त्या दिवशीचे एकही प्रमाणपत्र अजून जन्माला आलेले नव्हते. सगळे जग मला संशयास्पद वाटत होते आणि जगाचा त्यात काडीचाही दोष नव्हता. भाचीने यावर काही म्हटले नाही. ती फक्त बराच वेळ हसली.

बॅटरी मी अजून बदललेली नाही. मुख्य स्विच बंद करायची माझी सवय जात नाही, त्यामुळे संगणक रोज सकाळी २०१५ मध्ये जागा होतो आणि मी त्याला हाताला धरून आजच्या तारखेला आणतो. ती बॅटरी कशी काढतात हे पाहण्यासाठी काल एक पान उघडले, तर लाल त्रिकोण. या वेळी मी एकही अक्षर न गाळता सगळा मजकूर वाचला, मग कोपऱ्यातले घड्याळ पाहिले, ते भिंतीवरच्या घड्याळाशी आणि मोबाइलशी ताडून घेतले. तिन्ही जुळत होती. त्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. म्हणजे या खेपेला चूक माझी नव्हती, त्यांचीच होती. त्या समाधानात मी ‘प्रगत’ दाबले आणि पुढे गेलो.