जिप्सीच्या रिव्ह्यूला उत्तर: रनिंगमधलं इंजिन आणि ‘वाढवलेलं’ पेट्रोल

नमस्कार मालक,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमच्या तक्रारी अशा: एवढा खर्च करून जिप्सीला पिकअप नाही, इंजिन ४००० आरपीएमच्या वर फिरत नाही, ॲव्हरेज पडलं, नवं इंजिन रनिंगमध्ये (नव्या रिंगा बसेपर्यंत सांभाळून चालवायच्या काळात) असताना आम्ही रात्री तुळजापूर रोडला दामटलं, आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा ट्यूनिंगला बोलावतो म्हणजे दुसऱ्यांदा पैसे काढायचा बेत आहे. शेवटी लिहिलंय की दुसऱ्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात ‘पेट्रोल वाढवून’ पिकअप काढून दिला. बाकी सगळ्याचं उत्तर देतो, पण या शेवटच्या ओळीने मला खरंच काळजी लागली आहे, म्हणून आधी तेच.

आज गाडी सुरू करू नका. इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा आणि ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा गाडी दिली तेव्हापेक्षा ऑइलची पातळी वर दिसली, तर सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलंय. मग गाडी टो करूनच आणा.

होनिंग करताना (सिलिंडर आतून घासताना) बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी पडते. तिच्यात ऑइल धरून राहतं आणि पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा तिच्यावर घासत आपली जागा धरतात. हे बहुतेक सगळं पहिल्या काही तासांच्या चालण्यात होतं. ती वेळ हातची गेली आणि भिंत चकाकली, तर रिंगा पुढे कितीही चालवून बसत नाहीत. इंजिन उघडून बोअर पुन्हा होन करावा लागतो. नेमक्या याच काळात पेट्रोल जास्त पडलं तर भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन निघतो, रिंगा कोरड्या घासतात आणि खालचं ऑइल पातळ होऊन बेअरिंगांनाही पुरत नाही. ‘जरा जास्त पेट्रोल दिलेलं सेफ’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. फुल लोडला, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारी ठोक) टाळण्यापुरतं, ते बरोबर आहे. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) आणि हलक्या चालीत मात्र तेच जादा पेट्रोल नव्या इंजिनाला खातं.

तुमच्या इंजिनात यात आणखी एक मेख आहे. बदललेल्या कॅममुळे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यामुळे) इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात. आयडलला काही फायर अर्धवट होतात आणि न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो. सायलेन्सरच्या पाइपातला वाइडबँड सेन्सर ऑक्सिजनच मोजतो, त्यामुळे मीटर ‘पेट्रोल कमी’ असं दाखवतो. तुमच्यासमोरच प्लग काढला होता, आठवत असेल: मीटर कमी सांगत होता आणि प्लगच्या टोकावर काळी, कोरडी काजळी होती, म्हणजे पेट्रोल जास्त. आम्ही प्लगवर विश्वास ठेवला. पेट्रोल आणखी उतरवलं, आयडलचं टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) थोडं पुढे घेतलं, तेव्हा इंजिन स्थिर झालं आणि मीटरही ताळ्यावर आला. मीटर पाहून कोणी तिथे पेट्रोल वाढवलं असेल, तर ते सगळं बोअरवर पडतंय.

इंजेक्टरचंही तसंच. तुमचे इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या) मोठे आहेत, आणि व्होल्टेज पडला की इंजेक्टर उघडायला उशीर होतो. हेडलाइट लावल्यावर मिश्रण बदलू नये म्हणून प्रत्येक व्होल्टेजला किती भर द्यायची तो तक्ता आम्ही वेगळा भरला होता. सगळ्या मॅपला (कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्याला) सरसकट टक्केवारी लावली की ही सगळी मेहनत पाण्यात जाते.

रात्रीच्या चक्करबद्दल. रोड टेस्ट जॉब कार्डवर लिहिलेली आहे आणि खाली तुमची सही आहे. ती मुद्दाम केली, कारण रिंगेला भिंतीवर दाबतं ते जळलेल्या गॅसचं प्रेशर, आणि गाडी उभी करून नुसती रेस दिली तर ते प्रेशर तयारच होत नाही. नवं इंजिन तास-तासभर आयडलवर सोडणं हा त्याच्यावर सर्वात मोठा अन्याय. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला अर्ध्या रेसवर चढवायचं, मग रेस सोडून द्यायची. रेस सोडली की इंजेक्टर बंद होतात आणि सिलिंडरमधल्या व्हॅक्यूमने रिंगांकडे ऑइल ओढलं जातं. हे आलटून-पालटून करायचं. रात्र यासाठी की सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी, पारा ४२ वर असताना, आत जाणारी हवाच इतकी तापलेली असते की नव्या इंजिनात नॉकिंगचा धोका वाढतो.

पिकअपबद्दल तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही, आत्ता तो कमीच आहे. रनिंग पूर्ण होईपर्यंत टायमिंग काही डिग्री मागे ठेवलंय आणि ४००० ला लिमिटर लावलाय. कंपनीच्या १.३ जिप्सीलासुद्धा तिची ८० हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला मिळते, आणि तुमचा कॅम ताकद त्याहून वर नेणारा आहे. म्हणजे ज्या पट्ट्यासाठी पैसे खर्च केलेत, तिथे गाडी अजून गेलेलीच नाही. ॲव्हरेज पडलं तेही मागे ठेवलेल्या टायमिंगने आणि नव्या रिंगांच्या घर्षणाने.

पैशांचं एका ओळीत: फायनल ट्यूनिंग पहिल्याच बिलात धरलेलं आहे, बिलावर तशी नोंद आहे. वेगळा रुपया लागणार नाही.

गाडी आली की कॉम्प्रेशन आणि लीकेज तपासू, ऑइल-फिल्टर बदलू, फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का ते तुमच्यासमोर पाहू. तपासणीचे पैसे घेणार नाही. रिंगा ठीक निघाल्या तर आपला रनिंगचा मॅप परत टाकून उरलेले किलोमीटर पूर्ण करू. हेड उघडायची वेळ आली तर आधी खर्च सांगेन, तुम्ही हो म्हटल्यावरच पान्याला हात लावू.

एक विनंती. दुसरीकडे टाकलेली फाइल पुसू नका, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) आहे तसा येऊ द्या. मॅपच्या कोणत्या खान्यात किती वाढवलंय ते दिसलं की बोअरवर किती पेट्रोल गेलं असेल याचा अंदाज गाडी उघडण्याआधीच बांधता येईल.