प्रत्येक मळमळ पित्ताची नसते

महिन्याभरात चार नातेवाइकांनी मला एकच मजकूर पाठवला. ‘सततची मळमळ म्हणजे वाढलेलं पित्त. सकाळी अनशापोटी शहाळ्याचं पाणी प्या, आठवड्यातून एकदा मिठाचं पाणी पिऊन उलटी काढा, एक वेळ लंघन करा. मळमळीच्या गोळ्यांची नुसती सवय लागते. किडनीवाल्यांनाही गुण येतो.’ मी डायलिसिसवर आहे, म्हणून ते शेवटचं वाक्य सोडून देता येत नाही.

पित्ताचं आधी. मूत्रपिंडं निकामी झाली की युरियासारखी टाकाऊ द्रव्यं रक्तात साठतात. मेंदूच्या तळाशी उलटीला चालना देणारा एक भाग आहे, त्याला रक्तातल्या विषाची खबर थेट लागते. लाळेत उतरलेल्या युरियाचा अमोनिया होतो, तोंडाला धातूसारखी चव येते. सकाळी ब्रश तोंडात घातला की उमासे येतात ते यामुळे. घरचे म्हणतात, जागरण झालं असेल. आम्लपित्त आम्हालाही होतं, नाही असं नाही. पण सगळं त्याच्यावर ढकललं की डायलिसिस कमी पडतंय का, हे बघायचं राहून जातं.

शहाळं हे यातलं सगळ्यात घातक. एका शहाळ्यात पाचसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. निरोगी माणसाच्या लघवीतून ते निघून जातं, आमच्या रक्तात राहतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी काही जाणवेलच असं नाही.

मिठाच्या पाण्याची गंमत वेगळीच. (पाठवणाऱ्यांपैकी एकानेही ते स्वतः प्यायलेलं नाही, विचारलं मी.) मीठ पोटात राहिलं की तहान लागते, तहानेपायी पाणी जास्त जातं, वजन चढतं. मग डायलिसिसच्या चार तासांत मशीनला अंगातलं जास्त पाणी ओढावं लागतं, बीपी पडतं आणि मशीनवरच उलटी होते. म्हणजे उपायच मळमळ घेऊन येतो! मशीनवर ढवळायला लागलं की मी लगेच टेक्निशियनला सांगतो. तो पाणी ओढण्याचा वेग कमी करतो.

लंघनाने माझी मळमळ वाढते. शिवाय डायलिसिसमध्ये प्रथिनांचा अंश वाहून जातो, त्यात उपास कुठे परवडणार? मी दर दोन-अडीच तासांनी चार घास खातो, तेही गार झालेले, कारण गरम अन्नाचा वास सहन होत नाही. फोडणी पडायच्या वेळी मी गॅलरीत असतो.

गोळ्यांचं म्हणणं अर्धवट आहे. व्यसन लागत नाही, पण मनाने घेण्यासारख्याही त्या नाहीत. मेटोक्लोप्रामाइड या मळमळीवरच्या गोळीचा डोस आम्हाला कमी करावा लागतो, नाहीतर बेचैनी, कंप सुरू होतो. युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये ती जास्तीत जास्त 5 दिवस घ्यावी असं सांगितलं. ऑन्डान्सेट्रॉन या दुसऱ्या गोळीने बद्धकोष्ठ होतो आणि त्याने पुन्हा मळमळ. म्हणून जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवणं मी बंद केलं.

परवा मावशीने फोनवर विचारलं, “शहाळं नको तर मग येताना आणू काय?” म्हटलं, बिनमिठाचे कुरमुरे आण.