अर्धा गडी

डाव्या करंगळीला पट्टी आहे त्यामुळे एका हाताने टाईप करतोय, चुका पोटात घाला.

परवा सासुरवाडीला, फलटणच्या पुढे, गव्हाची काढणी होती. हार्वेस्टर येऊन गेला पण बांधाकडेचा आणि वाऱ्याने लोळलेला गहू तसाच राहिला, तेवढ्यासाठी बायका सांगितल्या होत्या आणि त्यातली एक आलीच नाही. सासरे काही बोलले नव्हते. मीच म्हणालो, मी येतो की.

आता ही खाज कुठून आली ते सांगतो. गेले काही महिने मला सुमेरियन लोकांचं वेड लागलंय. रात्री बायको सिरीयल बघते आणि मी मोबाईलवर ऊर, उरुक, लगाश, उम्मा अशी गावं हिंडत असतो. इराकच्या दक्षिणेला टायग्रिस-युफ्रेटिसच्या गाळात या लोकांनी पाट काढले, सातू पिकवला, आणि शेती कशी करावी याच्या सूचना ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवल्या. त्यातली एक पाटी तर जवळपास ३७०० वर्षांपूर्वीची आहे. बियाणं दोन बोटं खोल पडलं पाहिजे, कापणीला तिघं पाहिजेत, एक कापणारा, एक पेंढ्या बांधणारा, एक पेंढ्या लावणारा, सगळं लिहिलंय. एवढं वाचलेल्या माणसाला आपल्याला गहू कापता येतो असं वाटलं तर त्याचं काय चुकलं?

टोळीची मुकादम आक्का. साठीची असेल, अंगात नवऱ्याचा जुना फुलशर्ट, डोक्याला टॉवेल, आणि शर्टाच्या खिशात हजेरीची वही. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या स्पोर्ट्स शूजकडे बघितलं, आणि इळा हातात देताना म्हणाली, "पावणं, दात आपल्याकडं करून धरत्यात."

तिथून पुढे आमची तिघांची एक पात, म्हणजे कापत जायचा पट्टा. आक्का कापणार, मी कापणार, तिची सून मागून पेंढ्या बांधणार. पहिल्या दहा मिनिटांत आक्का इतकी पुढे गेली की सून पेंढ्या बांधून रिकामी होऊन माझ्यामागे उभी राहायला लागली. नुसती उभी. काही बोलायची नाही. बोलली असती तरी चाललं असतं.

वेळ मारून न्यायला मी म्हणालो, "आक्का, साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वी तिकडे इराकमध्ये मातीचे विळे होते, माहितीये?"

"मातीचं?"

"हो. तिथे दगड नाही, लोखंड तर जगातच नव्हतं अजून. नुसता गाळ. मग मातीचाच विळा करून कडक भाजायचे, मडक्यासारखा. धार यायची त्याला."

"आन पडला तर?"

"फुटायचा. तिथे खोदलं की तुकडेच सापडतात ढिगाने."

"मग?"

"मग दुसरा करायचा. माती काय, फुकट."

आक्काने सपासप तीन मुठी कापल्या. "फुकट आसंल. भट्टीला सरपान कोन आनायचं? बायकाच आनत आसतील."

मला याच्यावर उत्तर सुचलं नाही. एवढ्या पीडीएफ वाचल्या पण सरपण कोणी आणलं हे एकात नव्हतं. मी विषय बदलला आणि तिथेच फसलो. म्हणालो, तुमच्यासारखे मुकादम होते त्यांच्याकडे. इ.स.पू. २१०० च्या आसपास ऊरच्या राजांच्या राज्यात सगळी हजेरी पाटीवर चढायची, कुणी किती दिवस पाट उपसला, कुणी किती कापलं. अशा हजारो पाट्या निघाल्यात. मुकादमाच्या नावावर ठरलेले माणूस-दिवस, ते भरले नाहीत तर बाकी पुढच्या साली ओढायची, मुकादम मेला तर ती बाकी घरच्यांच्या मानगुटीवर.

"म्हंजी उचल," आक्का म्हणाली. ती आठ वर्षं ऊसतोडीला गेलेली आहे. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकटा असेल तर अर्धा कोयता. अंगावरची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, एका गाळपात फिटली नाही की पुढच्या सालाला जायलाच लागतं. हे तिने गहू कापता कापता सांगितलं, पेट्रोलचा भाव सांगावा तसं.

"आन मजुरी काय व्हती त्येंची?"

"सातू मिळायचा. गड्याला महिन्याला साठ मापं, एक माप साधारण लिटरभर."

"बाईला?"

"तीस."

आक्का थांबली. सकाळपासून पहिल्यांदा. कमरेवर हात ठेवून सरळ झाली, हाडं वाजली ती मला ऐकू आली. "तितंबी?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, "गडी काय दुप्पट कापायचा व्हय?"

कापत नसणार हो. इथेच बघा, आमच्या सासऱ्यांकडे गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे, आणि गडी दर तासाला तंबाखू मळायला बांधावर. का म्हणून विचारलं तर रीतच आहे म्हणतात. चार हजार वर्षांत नांगर लाकडाचा लोखंडाचा झाला, मग ट्रॅक्टर आला, जीपीएस आलं, ड्रोनने फवारणी होते, आणि हा एक फरक मात्र कुणाला मिटवावासा वाटला नाही. मी जेवताना हे बोललो तर सासरे म्हणाले, भाजी वाढ गं त्यांना.

त्या सुमेरियनांचंच एक कुदळ आणि नांगराचं भांडण आहे, तेही पाटीवर. नांगराचा तोरा असा की खुद्द राजा माझी मूठ धरतो. कुदळ म्हणते, तुला ओढायला सहा बैल, हाकायला चार माणसं, अकरावा तू, आणि काम वर्षातले चार महिने. मी बारा महिने राबते. पाट मी खणते, भिंती मी उभ्या करते. देव एन्लिल निकाल देतो तो कुदळीच्या बाजूने. वाचताना मला फार भारी वाटलं होतं. पण निकाल लागून कुदळीला मिळालं काय? मान. मान आपल्याकडे पण देतात, बैलांना सुद्धा देतात, वर्षातून एकदा, पोळ्याला.

असो. याच विचारात इळा करंगळीवर आला. फार नाही, पण रक्त बघून मी खाली बसलो. सुनेने हळद आणली आणि तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "बरं झालं." काय बरं झालं ते मी अजून विचारलेलं नाही.

दोन वाजता सुट्टी झाली. आक्काने वही काढली, पेन थुंकी लावून चालू केलं. मी मान लांब करून बघितलं. सुनेच्या नावापुढे एक. तिच्या स्वतःच्या नावापुढे एक. खाली लिहिलं होतं 'पावनं', आणि पुढे जुन्या पद्धतीच्या दोन उभ्या रेघा, ॥. म्हणजे अर्धा.

आता त्या ऊरच्या पाट्यांवर पण असे अर्धे मजूर नोंदलेले असायचे, हे मी स्वतः वाचलंय, म्हातारे, पोरं, आजारी. मी बेचाळीसचा आहे, रोज सूर्यनमस्कार घालतो.

"आक्का, अर्धा कशाला, दोनपर्यंत होतो ना मी."

"व्हता की," ती म्हणाली. "म्हनून तर अर्धा. आन बाईच्या हजेरीतला हाय बरं का, गड्याच्या न्हाय."

म्हणजे दीडशे. सासऱ्यांनी तेही दिले नाहीत, दुपारच्या दोन भाकऱ्या, ठेचा आणि करंगळीच्या टिटॅनसच्या इंजेक्शनमध्ये वळते केले, आणि बायकोने त्या पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. काल मेहुण्याचा फोन आला. आक्काचा निरोप आहे, हळदीचे आणि सुनेच्या खोळंब्याचे धरून पाव्हण्यांकडेच पाव दिवस बाकी निघते, ती पुढल्या साली हरभऱ्याला फेडायला सांगा.